मदत हवी आहे: बारवा आणि जुन्या मंदिरांच्या फोटोंसाठी कोणता कॅमेरा, निकॉन डी७२००, डी७५०० की कॅनन ८०डी?

नमस्कार मंडळी,

मी परभणीची. चारठाणा, वालूर, धारासूर, होट्टल इथल्या बारवा आणि मंदिरांचे फोटो काढते. आपल्याकडच्या कितीतरी मूर्ती आणि द्वारशाखा (दाराच्या कोरीव चौकटी) अजून नीट नोंदल्याच गेलेल्या नाहीत. एखाद्या पावसाळ्यात दगड ढासळतो, कुठे शेंदराच्या थराखाली चेहराच हरवतो. म्हणून फोटो नुसता छान येऊन भागत नाही, उद्या कोणी अभ्यासाला घेतला तर कोरीवकाम वाचता आलं पाहिजे.

सध्या निकॉन डी३३०० आहे. उजेडात त्याचं काम चोख आहे. पण त्यात ऑटो ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे फोटो आपोआप लागोपाठ काढणं) नाही आणि बॉडीत फोकस मोटर नाही. माझ्याकडची जुनी ५० एमएम १.८डी लेन्स त्यावर हातानेच फोकस करावी लागते, आणि गाभाऱ्यातल्या अंधारात त्या बारक्या व्ह्यूफाइंडरमधून काही कळत नाही.

खरी अडचण बारवेत येते. दुपारी वरच्या पायऱ्या पांढऱ्याफटक आणि खाली देवकोष्ठात मिट्ट काळोख. पायऱ्या जळू नयेत म्हणून एक्सपोजर कमी ठेवलं की कोनाड्यातली मूर्ती नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) उजळून वर काढावी लागते. तेव्हा सावलीत किती नॉइज (दाणेदारपणा) येतो यावर सगळं ठरतं. संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे पुष्कळदा हातात धरूनच काढावं लागतं.

लेन्स धरून बजेट ६०,००० आहे, म्हणजे बॉडी सेकंडहँडच. वाचून-विचारून जे समजलं ते असं:

डी७२०० (२०१५): २४ मेगापिक्सेल, लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करणारा सेन्सरपुढचा थर) नाही, त्यामुळे दगडाचा पोत खरखरीत उमटतो. दोन कार्ड स्लॉट आहेत, आणि गावोगाव फिरताना ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मात्र स्क्रीन जागेवरून हलत नाही आणि १४-बिट रॉचा बफर (कार्डावर लिहिण्याआधी फोटो साठवणारी मेमरी) १८ फोटोंतच भरतो. हिवाळ्यात नाथसागरावर रोहित पक्षी बघायला जाते, तिथे सेकंदाला ६ या वेगाने तीन सेकंदांत संपलं!

डी७५०० (२०१७): सेकंदाला ८ फोटो, बफर ५० रॉपर्यंत, टच स्क्रीन वर-खाली झुकते, फोरके व्हिडिओ. पण कार्ड स्लॉट एकच आणि सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा. मधल्या किमतीच्या कॅमेऱ्याच्या नव्या मॉडेलमधून दुसरा स्लॉट काढून टाकणं मला तरी पटलेलं नाही.

कॅनन ८०डी (२०१६): याचा मोह एकाच कारणाने होतो. सभामंडपाच्या छताचं कोरीवकाम काढायला कॅमेरा लेन्स वर करून जमिनीवर ठेवायचा, स्क्रीन बाजूला उघडून फिरवायची आणि वरून बघत फ्रेम लावायची. ट्रायपॉडची गरजच नाही. लाइव्ह व्ह्यूमधला फोकसही निकॉनपेक्षा कितीतरी चपळ. पण सावल्या उजळताना निकॉन पुढे आहे असं ऐकते, शिवाय माझ्या लेन्स बाद होतील.

ज्यांनी यांपैकी काही वापरलंय त्यांनी सांगावं: सावलीतला हा फरक प्रत्यक्षात जाणवतो का? आणि छतासाठी डी७२०० वर काही सोय होते का?

प्रतिसाद:

ताई, मी लातूरचा, डी७२०० वापरतो. तुमच्या कामाला तोच घ्या. आयएसओ १०० ला काढलेली रॉ भरपूर उजळली तरी सावली घाण होत नाही; ८०डी जुन्या कॅननपेक्षा सुधारलाय, पण इथे थोडा मागेच राहतो. छतासाठी सोय आहे: कॅमेऱ्याचं वायफाय चालू करून फोनवर निकॉनच्या ॲपमध्ये लाइव्ह व्ह्यू बघा आणि तिथूनच शटर दाबा. जोडणी होईपर्यंत थोडा धीर धरावा लागतो, पण काम होतं. फोकस मोटर बॉडीत असल्याने तुमची ५० एमएम चालेलच, शिवाय टोकिना ११-१६ एफ२.८ ची पहिली आवृत्ती सेकंडहँड शोधा. त्या लेन्समध्ये मोटर नसते म्हणून स्वस्तात मिळते, आणि बारवेत वाइड लेन्सशिवाय हलता येत नाही. पक्षी हेच मुख्य काम असतं तर मी डी७५०० म्हटलं असतं.

घेताना शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं) बघा, कंपनीने शटर १,५०,००० फोटोंपर्यंत तपासलेलं आहे. एफ१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का ते पाहा, आणि दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून एकाच वेळी दोन्हीवर सेव्ह होतंय याची खात्री करूनच पैसे द्या.