मॉरिशस एवढंसं बेट, मग एका बाजूला पाऊस आणि दुसरीकडे कोरडं कसं काय?

इंदिरानगरची_ताई
नाताळच्या सुट्टीत मॉरिशसला जायचं घाटतंय, सासूसासरे पण आहेत सोबत. एजंट म्हणतो पूर्वेला ‘बेल मार’ इथे हॉटेल स्वस्त देतो, मैत्रीण म्हणते पश्चिमेलाच राहा, फ्लिक-आं-फ्लाकला, पूर्वेला वारा आणि पाऊस. अहो पण अख्खा देश दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आपल्या नाशिक जिल्ह्यात सात वेळा मावेल, त्यात दोन हवामानं कुठून आली? आणि दीर म्हणतात, पन्नास वर्षात बुडणारच आहे ते, बघून या लवकर. खरंय का? आणि तिथे मराठी लोक आहेत म्हणे, मग मराठी चालतं का?

भूगोलवाला_पंचवटी
ताई, तुम्ही रोज इगतपुरी-सिन्नर बघता आणि हा प्रश्न विचारता 😄 इगतपुरीला धो धो आणि सिन्नरला टँकर, अंतर किती, तेच तिथे. फक्त वारा आग्नेयेकडून येतो, बारा महिने, त्यांच्या हिवाळ्यात जास्त जोरात, आणि मधे पठार आहे क्युरपिपच्या बाजूला साडेपाचशे मीटरवर, ढग तिथे चढतात आणि रिकामे होतात. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस आणि पश्चिम किनाऱ्याला हजारच्या आत. क्युरपिपला जाताना छत्री न्या, एवढं सांगतो. मैत्रीण बरोबर आहे, पण डिसेंबर म्हणजे त्यांचा उन्हाळा आणि नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा सीझन, जानेवारी ते मार्च जास्त धोका. १९६० च्या कॅरोल वादळाने तिथे घरंच्या घरं गेली, त्यानंतर लोक सिमेंटची घरं बांधायला लागले. तिकीट रिफंडेबल घ्या.

बुडण्याचं म्हणाल तर दिरांना मालदीव आठवत असणार. मालदीव प्रवाळाचं, सगळं सपाट. मॉरिशस ज्वालामुखीचं, सर्वात उंच शिखर ८२८ मीटर. बुडत नाही, पण किनारे झिजतायत आणि प्रवाळ पांढरं पडतंय, ते खरं आहे. आणि गंमत सांगू का, तुमच्या घराखालचा काळा दगड आणि तिथला काळा दगड एकाच हॉटस्पॉटचा, म्हणजे जमिनीखालून लाव्हा वर येतो अशा एका जागच्या भट्टीचा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत त्याच्यावरून सरकत होता तेव्हा दख्खनचा लाव्हा ओतला गेला, मग जमीन पुढे सरकत गेली तशी मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग लागली, मॉरिशस गेल्या ८०-९० लाख वर्षातलं, आणि आज तीच भट्टी शेजारच्या रियुनियनवर पेटलेली आहे. ब्रह्मगिरीवर उभं राहून हे कुणी सांगत नाही.

कळवणचा_शेतकरी
भाऊ दगडावरून आठवलं, मी गेलो होतो तेव्हा उसाच्या वावरात मधोमध काळ्या दगडांचे ढीगच्या ढीग रचलेले, काही तर घराएवढे उंच, पायऱ्या पायऱ्यांचे. गाईड म्हणाला, मजुरांनी हाताने वेचून लावलेत. आपण दोन एकर दगड वेचला तर कंबर जाते, इथे तर सगळं बेट दगड. पगार काय मिळायचा देव जाणे.

पोर्टलुई_रिटर्न
तेच मजूर ताई. १८३५ ला गुलामी संपली आणि १८३४ पासूनच भारतातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली होती, साखरेसाठी, साडेचार लाखांच्या आसपास. पोर्ट लुईत आप्रवासी घाट आहे, तिथेच उतरवायचे, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत. बहुतेक बिहार-यूपीचे, तमिळ-तेलुगूही, आणि आपले मराठी जास्त करून कोकणातले, रत्नागिरीकडचे, मुंबईहून जहाजात बसलेले. त्यांचीच आजची पिढी. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते बघा, आरत्या मराठीत. पण टॅक्सीवाल्याशी मराठीत सुरू करू नका, घरात-रस्त्यात सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली बोली, बोलतात, पेपर फ्रेंच, संसद इंग्रजी. आडनावावरून ओळख काढायला जाल तर क्रिओलमध्येच हसतील. एकूण लोक साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहरापेक्षाही कमी, तरी दर चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर माणूस. पोर्ट लुईला सकाळी ट्रॅफिक असतो, ट्राममुळे थोडा कमी झालाय.

सासूसासऱ्यांना गंगा तलावला न्याच. नदीबिदी नाही, ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं आहे, पठारावर, महाशिवरात्रीला अख्ख्या बेटावरून लोक कावड घेऊन चालत येतात. धुकं असतं, स्वेटर ठेवा. माकडं प्रसाद पळवतात, पिशवी सांभाळा.

इंदिरानगरची_ताई
वा, धन्यवाद सगळ्यांना 🙏 मग पश्चिमच फायनल, दिरांना तुमची पोस्ट फॉरवर्ड केली. अजून एक, २०२० ला जहाज फुटून तेल सांडलं होतं ना, तो किनारा कुठला? तिथे आता पोहतात का?

पोर्टलुई_रिटर्न
जहाजाचं नाव वाकाशिओ. तो किनारा आग्नेयेला, पॉइंट देस्नीजवळ, तुमच्या हॉटेलपासून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. पोहायचं असेल तर कुठेही आधी हॉटेलवाल्याला विचारा, प्रवाळाच्या भिंतीच्या आत पाणी शांत असतं, पण जिथे भिंतीत खिंड आहे तिथे ओढ असते, पोरांना तिकडे सोडू नका.