शब्दचर्चा : 'फेस कव्हरिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

तळटीप :
कॅनडातल्या नागरिकत्वाच्या शपथेवरून झालेल्या वादाचं टिपण एका मराठी त्रैमासिकासाठी भाषांतरित होतंय. गाडी एका शब्दावर अडली आहे. १२ डिसेंबर २०११ रोजी तेव्हाचे नागरिकत्व आणि स्थलांतर मंत्री जेसन केनी यांनी नियम जाहीर केला, की शपथ म्हणताना चेहरा उघडा हवा. त्याविरुद्ध नकाब घालणाऱ्या झुनेरा इशाक या बाई कोर्टात गेल्या. खात्याच्या 'ऑपरेशनल बुलेटिन ३५९' या सूचनापत्राच्या शीर्षकात कुठल्याच वस्त्राचं नाव नाही. 'फेस कव्हरिंग' एवढंच आहे, तेही 'पूर्ण किंवा अंशतः'. भाषांतरात 'मुखावरण' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'बुरखा' केलं आणि मथळा दिला : 'नागरिकत्व समारंभात बुरखाबंदी'. 'मुखावरण' म्हणे पुस्तकाच्या वेष्टनासारखं वाटतं. पर्याय सुचवा.

खिळेजुळारी :
संपादकांचं बरोबर आहे. मुखावरण कोण बोलतं? 'बुरखा' चार वर्षांच्या पोराला कळतो. शिवाय मराठीत बुरखा फक्त मुसलमान बायकांचा कधीच नव्हता. 'बुरखाधारी दरोडेखोर' वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येताहेत, त्यांनी काय पायघोळ काळा झगा घातलेला असतो? तोंडाला रुमाल बांधला की झाला बुरखाधारी. 'बुरखा फाडणे' हा वाक्प्रचारही चेहऱ्यापुरताच आहे. म्हणजे मराठी बुरखा हाच तुमचा फेस कव्हरिंग.

दुरडी :
दरोडेखोरांचा दाखला मान्य, पण वाचक 'नागरिकत्व' आणि 'बुरखा' शेजारीशेजारी वाचेल तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दरोडेखोर येणार नाहीत, भेंडीबाजार येईल. आणि तिथे बुरखा म्हणजे अख्खा पोशाख : अंगावर काळा पायघोळ अबाया, डोक्याला स्कार्फ, आणि चेहऱ्याचा तुकडा वेगळा, तो नकाब. नकाब काढला तरी 'बुरखा घातलाय' असंच म्हणतात. 'बुरखाबंदी' लिहिलंत तर वाचक समजेल की बाईंना झगासुद्धा उतरवायला सांगितला. तसं काही नव्हतं. स्कार्फलाही हरकत नव्हती. मुद्दा डोळ्यांखालच्या वीतभर कापडाचा होता.

पैलतीर :
दुरडी, अगदी. यात एक व्यवहाराची बाजू आहे, ती भाषांतरातही यायला हवी. नकाब दोन तऱ्हेचे. एक साधा : नाकाच्या वरून जाणारी पट्टी, डोक्यामागे नाडी किंवा वेल्क्रो. दुसरा दोन-तीन पदरी, त्यातला वरचा झिरझिरीत पदर डोळ्यांवर सोडता येतो नाहीतर मागे टाकता येतो. पण खालचा पदर दोन्हींत तसाच राहतो. तो काढायचा तर मागची गाठ सोडावी लागते. ती गाठ स्कार्फच्या आत असेल तर आधी टाचण्या काढा, स्कार्फ सैल करा, मग गाठ. आणि शपथ म्हणताना उजवा हात वर धरायची तिथे पद्धत आहे, म्हणजे नुसतं हाताने उचलून धरायचं तरी एकच हात मोकळा. 'क्षणभर बाजूला केलं तर काय बिघडलं' म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

खिळेजुळारी :
माहिती छान. मथळ्यात कशी बसवायची ते सांगा. दोन ओळी आहेत, चौऱ्याऐंशी नाहीत.

मोडीवाचक :
मराठीत याला जुना, स्वतःचा शब्द आहे : गोषा. गोषातल्या बायका, गोषापद्धत. फारसी 'गोशा' म्हणजे कोपरा. चेन्नईच्या ट्रिप्लिकेनमधल्या सरकारी प्रसूती रुग्णालयाचं जुनं नाव व्हिक्टोरिया कास्ट अँड गोशा हॉस्पिटल, आणि आजही तिथले लोक 'गोशा हॉस्पिटल' म्हणतात. असा शब्द घरात असताना मुखावरण कशाला घडवायचं?

दुरडी :
कारण गोषा हे वस्त्र नाही, राहण्याची रीत आहे. परपुरुषासमोर न येणे. पडदानशीन तेच. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३२ नेमकं त्यावर आहे : ज्या स्त्रियांना रूढीप्रमाणे लोकांसमोर यायला भाग पाडू नये, त्यांना कोर्टात जातीने हजर राहण्यातून सूट. तिथे कपड्याचा प्रश्नच नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या या खटल्यातली बाई तर उलट समारंभाला यायला तयार होती, चारचौघांत उभी राहायला तयार होती. तिला गोषातली म्हणणं चूक.

मोडीवाचक :
मग 'अवगुंठन' घ्या. संस्कृतातून आलेला, धर्मनिरपेक्ष, नेमका.

खिळेजुळारी :
आणि मेलेला.

तळटीप :
भांडू नका. 'बुरखा' नको हे पटतंय, पण कारण वेगळं. नियमात 'अंशतः' हा शब्द आहे. अर्धा चेहरा झाकणाऱ्या सगळ्याच गोष्टी त्यात येतात. 'नकाब' लिहिलं तरी नियम आहे त्यापेक्षा अरुंद होतो.

काजवा :
अंशतः म्हणताय तर स्थानकवासी जैन साधूंची मुहपत्ती आलीच की. पांढऱ्या कापडाची घडी, दोरीने कानांवर अडकवलेली, नाकाखालपासून तोंड झाकलेलं. स्थानकवासी आणि तेरापंथी ती सतत बांधतात, मूर्तिपूजक हातात धरतात. शंभर टक्के धार्मिक आणि शंभर टक्के फेस कव्हरिंग. तिला बुरखा म्हणून दाखवा!

खिळेजुळारी :
साधू वाहनात बसत नाहीत, कॅनडाला चालत जाणार का?

काजवा :
साधू न जावोत, व्याख्या जाते. कायद्याचं भाषांतर करताना कोण येणार हे पाहायचं नसतं, शब्दात कोण कोण मावतं ते पाहायचं असतं. आणि हा आडवा दाखला वाटत असेल तर निकाल बघा. न्यायाधीश कीथ बॉस्वेल यांनी ६ फेब्रुवारी २०१५ च्या निकालात मौनव्रती भिक्षूचाच प्रश्न घातला आहे : मौन पाळणाऱ्याला शपथ म्हणताना 'दिसलंच' पाहिजे अशी सक्ती केली, तर त्याने व्रत मोडायचं का? आणि मुक्या माणसाने काय करायचं? ओठ हलताना दिसायला हवेत, ही अट त्यांनाही लागू होतेच.

पैलतीर :
आणि तो निकाल हक्कांच्या सनदेवर दिलेला नाही, हे टिपणात नक्की घ्या. मराठीत आलेले बहुतेक लेख 'धर्मस्वातंत्र्याचा विजय' म्हणतात. कोर्टाने सनदेच्या मुद्द्याला हातच लावला नाही. नागरिकत्व विनियमांचं कलम १७ नागरिकत्व न्यायाधीशाला (म्हणजे समारंभात शपथ देणाऱ्याला, खटला चालवणाऱ्याला नव्हे) सांगतं, की शपथ प्रतिष्ठेने आणि गांभीर्याने द्यायची आणि ती धार्मिक रीतीने घेण्याची किंवा दृढकथन करण्याची शक्य तितकी जास्त मोकळीक ठेवायची. मंत्र्याचं सूचनापत्र सांगतं, चेहरा दिसला नाही तर प्रमाणपत्र नाही. न्यायाधीशाने एकाच वेळी दोन्ही कसं पाळायचं? सूचनापत्र विनियमाच्या वर चढू शकत नाही, म्हणून पडलं. मामला एवढा कोरडा आहे.

तळटीप :
हेच दुसरं अडलेलं ठिकाण होतं. 'स्वेअर ऑर अफर्म' मधल्या 'अफर्म'ला 'दृढकथन' चालेल ना?

मोडीवाचक :
चालेल काय, तोच शब्द आहे. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मराठीत 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' असे दोन पर्याय आहेत. लोक दुसऱ्याला 'प्रतिज्ञा' म्हणतात ते ढिलं. प्रतिज्ञा शाळेत असते.

खिळेजुळारी :
दृढकथन कुठल्या चार वर्षांच्या पोराला कळतं?

मोडीवाचक :
चार वर्षांचं पोर नागरिकत्वाची शपथ घेत नाही.

पैलतीर :
खरंच घेत नाही. तिथे १४ वर्षं पूर्ण असलेल्यांनाच शपथ म्हणावी लागते. 😀

दुरडी :
'बुरखाबंदी'तला 'बंदी' कुणी तपासलाच नाही. तोही चूक आहे. दालनात नकाब घालून येता येत होतं, बसता येत होतं. अट फक्त शपथ म्हणतानाच्या दोन-तीन मिनिटांची. ती नाही पाळली तर प्रमाणपत्र अडायचं. ही 'सक्ती' आहे किंवा 'अट' आहे. फ्रान्समध्ये आहे ती बंदी. ११ ऑक्टोबर २०१० चा कायदा, ११ एप्रिल २०११ पासून लागू, सार्वजनिक जागेत कुठेही, दंड १५० युरोपर्यंत. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचकाला फरक कळायचा कसा?

काजवा :
फ्रान्सचं काढलंत म्हणून. त्या कायद्यातलं क्रियापद 'झाकणे' नाही, 'लपवणे' आहे. चेहरा लपवण्यासाठीचा पेहराव कुणी सार्वजनिक जागेत करू नये, असं वाक्य आहे, आणि त्यात धर्माचा उल्लेख नाही. मराठीत हा फरक आयता मिळतो. झाकण्यात लाज, ऊन, धूळ, श्रद्धा काहीही असू शकतं. लपवलं की आरोप झाला. उलट कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताचा २०१९ चा कायदा 'उघड्या चेहऱ्याने' असं म्हणतो, म्हणजे कापडाचं नावच नाही, चेहऱ्याचं आहे. तळटीप, तुमच्या मथळ्याला ही वाट सोपी. 'शपथेवेळी चेहरा उघडा हवा'. मुखावरण नको, बुरखा नको.

खिळेजुळारी :
'तोंड उघडं हवं' करा, अक्षरं वाचतील.

दुरडी :
'तोंड उघडून शपथ घ्या' म्हणजे मोठ्याने बोला! तसं पाहिलं तर बाईंची तयारी नेमकी तेवढीच होती. आवाज ऐकू येईल अशी जवळ उभी राहते, ध्वनिक्षेपक द्या, असं त्यांच्याकडून सुचवलं गेलं होतं.

पैलतीर :
ओळख पटवण्याचा गोंधळही याच शब्दांनी होतो. 'चेहरा न दाखवता नागरिकत्व' असं मराठीत सर्रास छापलं गेलंय. ओळख पटवणं ही शपथेच्या आधीची, वेगळी पायरी आहे. बोलावणं आणि कागदपत्रं तपासतात, चेहरा छायाचित्राशी ताडतात. बाजूच्या खोलीत, महिला अधिकाऱ्यासमोर नकाब काढायला त्यांनी कधीच नकार दिला नव्हता. वाद त्यानंतरच्या शपथेचा. खात्याने तडजोड म्हणून पहिली किंवा शेवटची ओळ आणि शेजारी बाई देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली, कारण समोर न्यायाधीश आणि अधिकारी पुरुष असू शकतात, ते तसंच राहतं. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा, की शपथेचा पुरावा म्हणजे तिच्या खालची सही. सही चेहऱ्याने करत नाहीत.

मोडीवाचक :
शपथ ही उच्चारायची गोष्ट आहे. म्हणूनच 'घेतो' म्हणतात, 'लिहितो' नाही. सामुदायिक समारंभात शंभर जण एकदम म्हणत असतील तर कोण म्हणतंय नि कोण नुसते ओठ हलवतंय हे बघायला नको? सरकारची बाजू अगदीच वेडगळ नव्हती.

काजवा :
मग ओठ हलवणारा, पण न म्हणणारा उघड्या चेहऱ्याचा माणूस सुटला की! त्याला प्रमाणपत्र मिळतं. दिसण्याने म्हटल्याचा पुरावा मिळत नाही, दिसल्याचाच मिळतो.

मोडीवाचक :
पटलं नाही. शपथेला समोर कोणी तरी साक्षीदार लागतो. ईश्वरसाक्ष म्हणा नाहीतर लोकसाक्ष.

पैलतीर :
घटनाक्रम देतो, वाद तुमचा चालू द्या. अपील कोर्टाने १५ सप्टेंबर २०१५ ला सरकारचं अपील जागच्या जागी फेटाळलं, ९ ऑक्टोबरला बाईंनी नकाबासह शपथ घेतली, १९ ला सार्वत्रिक निवडणूक झाली आणि सरकार बदललं. नव्या सरकारने १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयातला अर्ज मागे घेतला. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिलेलाच नाही, तसं टिपणात चुकूनही येऊ देऊ नका.

तळटीप :
आभारी आहे. पण मुखावरण ठेवायचं की नाही?

दुरडी :
मजकुरात पहिल्यांदा 'चेहरा झाकणारं वस्त्र', पुढे 'नकाब', कारण प्रत्यक्ष खटला नकाबाचाच होता. मथळ्यात काजव्याचं घ्या.

खिळेजुळारी :
मथळ्यात 'बुरखा' नसेल तर लेख कुणी वाचणार नाही. शुद्धिपत्र काढायला मी तयार आहे.

मोडीवाचक :
आणि 'नागरिकत्व समारंभ' कसला? समारंभ लग्नमुंजीचा. हा शपथविधी आहे. कृपा करून 'शपथविधी सोहळा' करू नका, विधीला पुन्हा सोहळा कशाला?

पैलतीर :
समारंभच आहे हो. भाषण, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये शपथ, प्रमाणपत्रं, राष्ट्रगीत. शपथ हा त्यातला एक भाग. एप्रिल २०२० पासून हे झूमवरही होतं, आणि तिथे आपलं पीआर कार्ड कॅमेऱ्यासमोर कात्रीने कापून दाखवायला सांगतात.

तळटीप :
बरं झालं आठवण केलीत. पीआर म्हणजे 'पर्मनंट रेसिडेंट'ला 'अधिवासी' लिहिलंय, ते ठीक?

दुरडी :
मुळीच नाही. अधिवास म्हणजे डोमिसाइल, तहसील कार्यालयातला दाखला. 'कायम रहिवासी' लिहा.

मोडीवाचक :
'स्थायी निवासी'. कायम आणि रहिवासी, दोन्ही फारसी-अरबी.

खिळेजुळारी :
'रहिवासी' अरबी? राहणे हे क्रियापद कुठून आणलंत, बसऱ्याहून?