आमचे अप्पा तुम्हाला कुठं भेटले होते?

मिरजेची सून :
माझे सासरे, सगळ्यांचे अप्पा, जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडीसाठी रुळाचे सांधे बदलणारे, सगळी नोकरी मिरज जंक्शनलाच झाली. तेराव्याला जी माणसं आली त्यातली निम्मी आम्ही कुणीच ओळखत नव्हतो, एक जण कर्नाटकातल्या कुडचीचा, एक बाई सावंतवाडीकडची, प्रत्येक जण माझ्या नवऱ्याचा हात धरून "तुमच्या वडिलांनी त्या टायमाला..." एवढं म्हणायचा आणि पुढं रडू. पूर्ण गोष्ट एकाचीपण कळली नाही. तर ज्यांना ज्यांना ते भेटलेत त्यांनी लिहा, सविस्तर लिहा. नुसतं 'देवमाणूस होते' लिहू नका प्लीज, ते हार घालायला आलेल्यांनी भरपूर म्हणून झालंय.

कुडचीकर :
मीच तो कुडचीचा. आमच्याकडची माणसं दवाखान्याला मिरजेलाच येतात, वानलेस साहेबांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासनं हीच रीत, आमचा आजा म्हणायचा "मिरजेला नेलं" म्हणजे केस सीरियस. वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन होतं, माझं मराठी तेव्हा यथातथाच आणि आईला तर एक अक्षर येत नव्हतं. प्लॅटफॉर्मवर बोचकं घेऊन बसलेलो, ड्युटी सुटलेला एक माणूस आला आणि त्यानं आईला विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. घर सोडल्यापासनं आई कुणाशी बोलली नव्हती, ती तासभर बोलत बसली. मग हा माणूस रोज ड्युटी सुटली की वॉर्डात. केसपेपर कुठं काढायचा, कुठल्या खिडकीला उभं राहायचं, डॉक्टर काय सांगायलेत ते सगळं कानडीत समजावून. डबा त्यांच्या घरनं यायचा, ज्वारीची भाकरी, झुणका, आणि एक दिवस कारळ्याची चटणी आली, आईनं ती खाल्ली आणि म्हणाली आता गावात आल्यागत वाटतंय. डबा कोण करतंय ते मात्र आम्ही कधी विचारलंच नाही.

ओ_निगेटिव्ह :
मला रात्री दोन-दोनला उठवलंय ह्या माणसानं. मोबाईल नव्हते तेव्हा, सायकलवर यायचे, आमची पोरगी तान्ही म्हणून बेल न वाजवता कडी हळू वाजवायचे. त्यांच्याकडं एक वही असायची, रक्तगटानुसार पानं पाडलेली, कुणी शेवटचं रक्त कधी दिलं त्याच्या तारखा. तीन महिने झाले नसले तर कितीही इमर्जन्सी असू दे, त्या माणसाकडं जायचेच नाहीत, दुसरा शोधायचे. एकदा मी चिडून म्हटलं, अहो मी तयार आहे की. तर म्हणाले, "तू तयार आहेस रे, तुझं हिमोग्लोबिन नाही."

सांगलीवाडी :
२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती, त्या हिशोबानं सामान माळ्यावर टाकून आम्ही निवांत, आणि पाणी खुणेच्या वर! बोटीतनं काढलं आम्हाला, मिरजेत एका शाळेत ठेवलं. मदत भरपूर आली, खोटं कशाला बोलू, बिस्किटाचे पुडे तर एवढे की पोरं एकमेकांना फेकून मारायची. पण सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या पाण्यात गेल्या होत्या ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, आमच्यापण नाही. अप्पा तेव्हा रिटायर, गुडघे गेलेले, कागद-पेन घेऊन वर्गावर्गातनं फिरायलेत, "आजी, गोळी कुठल्या रंगाची? सकाळची का रात्रीची?" सगळी यादी करून संध्याकाळी डॉक्टरलाच घेऊन आले. शुगरवाल्यांचं इन्सुलिन शेजारच्या एका घरातल्या फ्रिजमध्ये, प्रत्येक बाटलीला नावाची चिठ्ठी लावून. फोटो काढणारे लई होते तिथं, पण ह्याचा फोटो कोण काढणार.

यार्डवाला :
२०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली ना मिरजेतनं, एप्रिलमध्ये, पहिल्या गाडीला दहा वाघिणी (टाकीचे डबे), एकेकीत ५० हजार लिटर. पाइप लावून भरायला तासन् तास जायचे, वर ऊन. अप्पा ताकाची घागर घेऊन हजर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, उलट इथं पाय घसरेल घरी जा म्हणून मीच ओरडलो होतो. ताक मात्र प्यालो. एवढीच ओळख.

थोरली :
वहिनी, 'देवमाणूस' नको म्हणालीस म्हणून लिहिते. मी अप्पांची मोठी लेक. कुडचीकर दादा, ती चटणी करणारी आमची आई. क्वार्टरच्या दोन खोल्या, त्यात आम्ही पाच जण आणि व्हरांड्यात कोण ना कोण पेशंटचा नातेवाईक झोपलेला, परीक्षा असू दे नाहीतर दिवाळी. आईला दमा, तरी पहाटे उठून स्टोव्हवर जादाच्या भाकऱ्या. लोक म्हणतात घर सांभाळून समाजसेवा केली. घर आईनं सांभाळलं, समाजसेवा अप्पांनी केली, हिशोब नीट मांडा. माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे त्यांनी कुणाच्या तरी इंजेक्शनला दिले, फी मामानं भरली. मी किती दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि आजपण ते बरोबर होतं असं मला वाटत नाही. पण हेही खरं की आईचा दमा उसळला की आम्हा बहिणींच्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे, मास्तरीण विचारायची आज वडिलांनी घातल्या काय. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं असतं, तिथं आम्हाला घेऊन रात्र-रात्र बसायचे. त्यांना त्यातलं काय कळायचं देव जाणे, मी तर मांडीवर झोपायचे. आत्ता आईला फोन लावून विचारलं, फीचं लिहू का? म्हणाली, "लिही की. आणि त्या भाकऱ्यांना रेशनची ज्वारी होती, तेपण लिही."

कुडचीकर :
ताई, माझी आई आहे अजून, ऐंशीच्या पुढं. तिला हे सगळं कानडीत वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात मिरजेला यायचं म्हणतेय. अप्पांच्या फोटोला नमस्कार करायला नव्हे, चटणीवालीला बघायला.

मिरजेची सून :
या की! कारळं आणून ठेवते, चटणी सासूबाई करतील, माझ्या हातची त्यांना पसंत नाही.
आणि ती वही सापडलीय. निम्मे नंबर जुन्या लँडलाइनचे आहेत, काही जणांपुढं तर नंबरच नाही, नुसतं 'पिठाच्या गिरणीमागं, हिरवं दार'. ज्यांची नावं त्यात असतील त्यांनी नवा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा, यादी परत करायलोय.

ओ_निगेटिव्ह :
माझा घे. साठी ओलांडलीय पण, चालतं का?

मिरजेची सून :
६५ पर्यंत चालतं काका. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली नको, आधी तपासून घ्या.