मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनचं कव्हर छपरावर न चढता घालायचं-काढायचं कसं?

नमस्कार मंडळी,

धागा गाडीचा आहे, पण निम्मा प्रश्न पावसाचा आहे. त्यामुळे गाडीवाल्यांइतकाच होडीवाल्यांनीही वाचावा.

दोन वर्षांपूर्वी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज. छपरावर एसी, पंख्याचं झाकण आणि दोन सोलर पॅनल. पुण्यात आमच्या सोसायटीत तिला जागा नाही (नोटिशीत तिचा उल्लेख 'ट्रकसदृश वाहन' असा आहे), म्हणून ती गावी असते, मालवण तालुक्यात आचऱ्याजवळ, काकांच्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात). समुद्र चालत सात मिनिटांवर. मी दीड-दोन महिन्यांनी जातो, चार दिवस फिरवतो, परत येतो. बाकी वेळ ती खाऱ्या हवेत उभी.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. पण पावसाचे चार महिने कॅरॅव्हॅनने काय करायचं, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

गेल्या वर्षी मे अखेरीला ऑनलाइन कव्हर मागवलं. छपराला तीन पदरी, बाजूंना एक पदरी, पॉलिप्रॉपिलीनचं. ताडपत्रीसारखं हवा कोंडणारं नव्हे, वाफ बाहेर सोडणारं. कोरडं वजन १४ किलो. गाडी एसीसकट साडेनऊ फूट उंच आणि वीस फुटांना थोडी कमी लांब.

घालायला मी, काका आणि शेजारचा एक मुलगा. खळ्यात कव्हर उलगडलं तर पुढचं कुठलं नि मागचं कुठलं, याची कुठेही खूण नाही. अंदाजाने चढवलं. अर्ध्या तासाने लक्षात आलं की दाराची झिप ड्रायव्हरच्या बाजूला आलीय. परत उतरवलं. तोवर अकरा वाजले आणि खारा वारा सुटला. कव्हर शिडासारखं फुगलं, शेजारचा मुलगा टोक धरून तुळशीपर्यंत ओढला गेला. काका (वय ७१) मागच्या पन्हळीला शिडी टेकवून वर चढले होते, ती शिडी सरकली. दुसऱ्याच पायरीवर होते म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. काकींनी त्याच दिवशी फतवा काढला, "ह्यांका शिडयेर चढूक सांगू नको हां." तो अजून लागू आहे.

चतुर्थीला गेलो तेव्हा कव्हर काढलं. एसी आणि पंख्याच्या मध्ये छपरावर तळं साचलेलं. पन्हळीच्या टोकाशी कव्हर हातभर फाटलेलं. जिथे पट्ट्याचं बक्कल हलत होतं तिथे रंगावर पांढुरका चट्टा, तो पॉलिश करूनही गेला नाही. बॅटरी पूर्ण उतरलेली. आत गाद्यांवर बुरशी, आणि एका उशीच्या अभ्र्यात ओंबिलांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, घर (आंब्याची एक फांदी कव्हराला टेकत होती, त्यांना पूलच मिळाला).

आता पुढच्या आठवड्यात परत जातोय. तर प्रश्न:

छपरावर किंवा शिडीवर न चढता, दोन माणसांनी हे धूड घालायची आणि काढायची काही रीत आहे का? मी नसताना काका-काकींनाही जमेल अशी?

आणि दुसरं, आपल्याकडे सिंधुदुर्गात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्यात हे कव्हर घालण्यात अर्थ तरी आहे का? काकांचं मत ठाम आहे: "गाडयेक रेनकोट कित्याक? होडयेक घालतत तसो माटव घाल." (माटव म्हणजे मांडव.)

— खळ्यातली गाडी

---

चार चाकं: तुम्ही कव्हर गाडीवर उचलून ठेवायला गेलात, तिथे चुकलं. ते उचलायचं नसतं, ओढायचं असतं. मी सांगतो तसं करून बघा, माझी गाडी तुमच्याहून फूटभर लांब आहे आणि मी नि बायको करतो.

आधी पुढच्या काठाच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने टाके घाला, म्हणजे कायमची खूण. मग कव्हराच्या दोन्ही बाजू आत दुमडून छपराच्या रुंदीची लांब पट्टी करा आणि गाडीच्या मागे जुन्या चादरीवर तिच्या नागमोडी घड्या घाला. मागचं टोक तळाला, पुढचं टोक सगळ्यात वर. पुढच्या दोन कोपऱ्यांना सुती दोर बांधा. दोर छपरावरून पुढे फेका, एक एसीच्या डावीकडून, एक उजवीकडून. एकाने पुढून सावकाश ओढायचं, दुसऱ्याने मागून घडी सोडत राहायचं. एसीवर आधी जुनी गोधडी टाका, नाहीतर काठ तिथेच अडकतो. पुढचं टोक बंपरखाली बसलं की मगच बाजू खाली सोडायच्या.

काढताना उलट. पट्टे सोडा, बाजू काठीने छपरावर लोटा आणि मागून ओढत जशी पडेल तशी घडी पडू द्या. मागचं टोक तळाला जातं, पुढचं आपसूक वर येतं. पुढच्या वेळी ढीग तसाच वापरायचा. मात्र ओलं कव्हर असं ठेवलंत तर बुरशी तिथेच धरते. ओलं असेल तर दोरीवर वाळवून मग घडी.

आणि वेळ! सकाळी सातला करा. मतलई वारा पडलेला असतो, खारा सुटलेला नसतो.

खळ्यातली गाडी: नागमोडी घडीचं डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही वळकटी करून वर चढवत होतो. काठी कोणती वापरता?

चार चाकं: बांबू, टोकाला फडकं गुंडाळून.

आंबोळी: आंबे काढायची घळ असेल ना घरात? लांबी बरोबर येते. फक्त पातं काढा आधी. आम्ही नाही काढलं. पुढचं सांगत नाही.

गाडीखालून पट्टे कसे घेता? आमचे हे दरवेळी चिखलात झोपून घ्यायचे. आता लहान पाण्याच्या बाटलीत वाळू भरून तिला सुतळी बांधतो, बाटली गाडीखालून पलीकडे घरंगळवायची आणि सुतळीने पट्टा ओढून घ्यायचा. कपडे वाचतात, भांडणही वाचतं.

डोलकाठी: तुमच्या काकांचं अर्धं बरोबर आहे असं मी म्हणेन. आमचं घर मच्छीमारांचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारतात. पण शाकारताना होडीला काही चिकटवत नाहीत. मधोमध बांबूचा आडा, त्यावरून दोन्ही बाजूंना उतार, वर झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या), हल्ली प्लास्टिकही, आणि पुढची-मागची बाजू मोकळी. पाणी उतरून जातं, वारा आरपार जातो. तुमचं कव्हर अंगाला चिकटलेलं आणि वर सपाट. चार बाय चार फुटांच्या खळग्यात दोन इंच पाणी साठलं तरी ते पाऊणशे किलो होतं. कापड फाटणार नाही तर काय?

जागा असेल तर पावसाळ्यापुरता उतरता माटव घाला, चारी बाजूंनी उघडा. खांब नीट पुरा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा नुसते टेकवलेले पत्रे कुठे कुठे जाऊन पडले ते काकांना विचारा. कव्हर ठेवा ऑक्टोबर ते मे, उन्हासाठी आणि खाऱ्या धुळीसाठी. त्या कामाला ते चांगलं आहे.

चार चाकं: डोलकाठींशी सहमत. वाफ सोडणारं कापड थंडीत पडणाऱ्या दवाला ठीक, पण झड लागली की आठवडाभर ओलंच राहतं, आणि हवाच दमट असेल तर आतली वाफ जाणार कुठे? माटव जमत नसेल तर निदान कव्हराखाली छपराच्या मध्यावर पीव्हीसी पाइपचा आडा ठेवा, पन्हळीच्या टोकांना फोमच्या नळ्या चढवा आणि बक्कलखाली जुना मोजा घाला. कव्हर घालण्याआधी गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. खाली मीठ-वाळू राहिली तर कव्हर पॉलिश पेपरचं काम करतं. पट्टे ताणून घ्या. फडफडणारं कव्हर पावसापेक्षा जास्त नुकसान करतं.

आंबोळी: आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका हो, खाऱ्या हवेत ब्रेक धरून बसतात. गिअरमध्ये टाकून चाकांना चिरे लावा. गॅस सिलिंडर उतरवून ठेवा. सोलरवर कव्हर आलं की चार्जिंग बंद, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, नाहीतर आतल्या बारीकसारीक वस्तू ती पिऊन टाकतात. गाद्या घरात, माळ्यावर.

खळ्यातली गाडी: सर्वांचे आभार. काल परत आलो, म्हणून लगेच लिहितोय.

शनिवारी सकाळी सातला कोरडी रंगीत तालीम केली. पुढे मी, मागे काकी. काकांना अंगणातल्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, तरी सूचना चालूच होत्या. पहिल्यांदा डावा दोर सोलर पॅनलच्या कोपऱ्यात अडकला, तो घळीने सोडवला (पातं काढून). मग पॅनलच्या कोपऱ्यांवर चिंध्या बांधल्या. दुसऱ्या खेपेला कव्हर १२ मिनिटांत बसलं, पट्ट्यांसकट वीस. काढायला त्याहून कमी. वाळूची बाटली पहिल्या फटक्यात मागच्या चाकाला आपटली, दुसऱ्या फटक्यात पार.

पण पावसाळ्यासाठी ठरलं माटवाचंच. काकांचा विजय झाला, आणि तो ते दिवसभर लपवत नव्हते. सुपारीचे खांब दोन हात खोल पुरलेत, वर पत्रे, उतार मागच्या बाजूला, जेणेकरून पाणी खळ्यात न येता माडांच्या आळ्यात जाईल. जागा माडांपासून लांब घेतली आणि ती आंब्याची फांदीही तोडली. गाडी आत उघडीच उभी राहील, फक्त पुढच्या काचेवर एक जुनी चादर. कव्हर धुऊन, वाळवून, लाल टाका वर ठेवून माळ्यावर गेलं.

एक शेवटचं विचारायचं होतं: कव्हराची झिप खाऱ्या हवेने आत्ताच दातांत धरायला लागलीय. तेल घालू का?

आंबोळी: तेल नको, धूळ धरतं. मेणबत्ती घासा. दोन्ही बाजूंनी, आणि चार-पाच वेळा वरखाली करा.