एलएमव्हीवरून हेवीवर जायचंय: लायसन्स, कागदपत्रं आणि पहिली नोकरी

कोरं_लायसन्स विचारतात:

वय २१, दहावी पास, राहणार तासगाव. एलएमव्हीचं (कार-जीपसारख्या हलक्या गाडीचं) पक्कं लायसन्स निघून दोन वर्षं झाली. हेवीचं, म्हणजे जड ट्रकचं लायसन्स काढून लाँग रूटला जायचा विचार आहे.

ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणतात आधी बॅज काढावा लागेल, त्याचे पैसे वेगळे. हे खरं का? चष्मा आहे, मेडिकलला अडेल का? दिवसाला किती तास चालवणं कायद्यात बसतं? टँकर, पार्सल कंटेनर आणि पोर्टचा ट्रेलर यांत नवख्याने काय धरावं? शेवटचं, एक एजंट दीड लाखात दुबईला लावून देतो म्हणतोय, त्याबद्दलही सांगा.

आरटीओची_रांग:

बॅजचे पैसे देऊ नका. बॅज प्रवासी वाहनांना लागतो, म्हणजे रिक्षा, टॅक्सी, बस. ट्रकसाठी लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट' वर्ग चढवावा लागतो, एवढंच. त्याला वय २० पूर्ण हवं आणि एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. तुमचं दोन्ही बसतं.

क्रम असा. सरकारच्या सारथी पोर्टलवर ट्रान्सपोर्टसाठी शिकाऊ लायसन्सचा अर्ज, सोबत डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा फॉर्म १-ए (मेडिकलचा दाखला). शिकाऊ सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर. टेस्टला जाताना मान्यताप्राप्त स्कूलचा फॉर्म ५ (शिकल्याचा दाखला) लागतो; ट्रान्सपोर्टला तो सक्तीचा आहे, म्हणून स्कूल टाळता येत नाही. सरकारी फी सगळी मिळून हजार-बाराशेच्या घरात जाते. त्यावर जे मागतात ते स्कूलचं, तेव्हा पावती फोडून मागा.

स्कूल निवडताना एकच बघा: शिकवायला खरी हेवी गाडी आहे की टेस्टच्या दिवशी भाड्याने आणतात? एअर ब्रेक आणि आठ-नऊ गिअरचा बॉक्स हाताखालून गेलाच नसेल तर लायसन्स हातात येऊनही उपयोग शून्य. जमलं तर अधिकृत ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रात जा. तिथला हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तो पास झाल्यावर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. पुण्यात भोसरीला सीआयआरटीची आयडीटीआर ही ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही चौकशी करा.

चष्म्याने अडत नाही. चष्मा लावून नजर ठीक भरली पाहिजे. तीव्र रंगांधळेपणा किंवा रातांधळेपणा असेल तर मात्र अडेल.

जाताजाता: ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्हीवरही चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला ते पक्कं केलं. हेवी निघेपर्यंत त्यावर हात बसवा. पण आरसीवरचा जीव्हीडब्ल्यूचा (मालासकट एकूण वजनाचा) आकडा वाचून. 'छोटीच आयशर आहे' म्हणत ११ टनी गाडी हातात घेतलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं लायसन्सच मागते.

ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षं. पूर्वी संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपल्यानंतर अर्ज केला तर नवी मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून धरतात, मधले दिवस तुम्ही बिनलायसन्सचे. संपण्याआधी वर्षभर कधीही अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

हिशोबनीस:

कामाचं सांगतो. टँकर नवख्याला मिळत नाही, पण तयारी आजपासून करा. पेट्रोल, डिझेल, एलपीजी, ॲसिड, असला धोकादायक माल वाहायला लायसन्सवर वेगळी नोंद लागते. तीन दिवसांचा कोर्स, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणं, एवढ्यावर होतं. ती नोंद तीन वर्षं चालते, नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी कोर्स. इंग्रजीची अट शोभेची नाही: केबिनमधलं ट्रेम कार्ड (आणीबाणीत काय करायचं त्याचं पत्रक) आणि टाकीवरची धोक्याची पाटी वाचता आली पाहिजे, गळती झाली तर पाणी मारायचं की नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. तुमची दहावी इथे कामाला येते. मनमाडजवळ पानेवाडी, मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे, उरण, या टर्मिनलांवर भरणाऱ्या गाड्यांना अशी नोंद असलेलाच ड्रायव्हर लागतो.

पार्सलचा ३२ फुटी कंटेनर नवख्याला सगळ्यात बरा. भिवंडी, चाकण, वाघोलीकडून हब ते हब ठरलेला रूट, माल सीलबंद, लोडिंगला हात लावायचा नाही. उलट बाजू म्हणजे वेळेची तलवार. पोचायची वेळ ठरलेली असते आणि उशीर झाला तर दंड वाहतूकदाराला बसतो, तो खाली तुमच्यापर्यंत येतो. म्हणून दोन ड्रायव्हर देतात का, हे आधी विचारा. नॅशनल परमिटला दोन ड्रायव्हरांची सक्ती असायची, ती २०१८ मध्ये निघाली. आता दुसरा माणूस द्यायचा की नाही ही मालकाची मर्जी.

न्हावा शेवा पोर्टचा ट्रेलर दोन वर्षांनी घ्या. चाळीस फुटी ट्रेलर रिव्हर्स घेणं ही वेगळीच विद्या आहे: मागचा भाग उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे. शिवाय पोर्ट, सीएफएस (पोर्टबाहेरचं कंटेनरचं गोदाम) आणि रिकाम्या कंटेनरचं यार्ड यांत रांगेतच दिवस जातो. खेपेवर पैसे असतील तर ती रांग तुमच्या खिशातून. हॉल्टिंग (थांबण्याचे पैसे) देतात का, किती तासांनंतर, ते विचारून घ्या.

द्राक्षाच्या हंगामात नाशिककडून पोर्टला रीफर (थंड ठेवणारे कंटेनर) चालतात. पैसे बरे, जोखीम मोठी. भरण्याआधी सेट केलेलं तापमान (द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास) बिल्टीवर (वाहतुकीच्या पावतीवर) लिहून घ्या, जेनसेटचं (रीफरच्या जनरेटरचं) डिझेल तपासा आणि भरताना मालाचंच तापमान किती होतं तेही नोंदवून घ्या. रीफर थंडावा टिकवतो, गरम माल पटकन थंड करत नाही. गरम भरलेला माल पोर्टवर खराब निघाला की ड्रायव्हरने मशीन बंद ठेवलं असा आरोप येतो. मशीनमधला डेटा लॉगर तुमचा साक्षीदार असतो, पण नोंद हवी.

पगारात आकड्यापेक्षा कपात बघा. सगळ्यात जास्त भांडणं ॲव्हरेजवरून होतात. समजा मालकाने लिटरला ४ किलोमीटरचा ॲव्हरेज धरला आणि हजार किलोमीटरला गाडी ३.७ ने गेली. २५० ऐवजी २७० लिटर लागलं, म्हणजे २० लिटर, साधारण अठराशे रुपये तुमच्या नावावर. त्यामुळे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा ॲव्हरेज वेगळा लावतात का, घाट रूटला सूट आहे का, उभ्या गाडीतल्या एसीचं डिझेल कोण भरतो, हे पहिल्या दिवशी ठरवा. शेवटचा प्रश्न आता खरा झालाय: १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी वेगळी असते, निळं झाकण. त्यात पाणी किंवा डिझेल गेलं तर हजारोंचं काम निघतं आणि नवखा ड्रायव्हर पहिल्याच महिन्यात घरी बसतो.

डावी_लेन:

तासांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ ड्रायव्हरच्या तासांसाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याकडे बोट दाखवत आलंय: दिवसाला ८, आठवड्याला ४८, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत तो जुना कायदा सामावला गेला. ८ तासांचा पाया तोच. पण आपल्याकडे ट्रकला टॅकोग्राफ (चालवण्याचे तास नोंदवणारं यंत्र) नाही, त्यामुळे रस्त्यावर तास मोजणारं कोणी नसतं. युरोपात साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबलात का, हे यंत्र सांगतं. इथे ते तुम्हालाच सांगावं लागतं, मालकालाही. पहाटे २ ते ५ हा पट्टा झोपेचा आहे, चहाने तो टळत नाही.

निघताना आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट हे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये चालतं. मालाचे कागद म्हणजे बिल्टी, बिल आणि ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक कागद). राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. भिवंडी-दिल्ली साधारण १,४०० किलोमीटर, म्हणजे सात दिवस. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला की ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये नव्या गाडीचा नंबर चढलाच पाहिजे. सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात. मुदत संपायच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच वेळात ती वाढवता येते. गाडी वाटेत बंद पडली तर मेकॅनिकच्या आधी वाहतूकदाराला फोन करा.

ओव्हरलोड: २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. वजनकाट्यावर थांबायला नकार दिला तर ४० हजार. चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघंही कलमात येतात, तेव्हा 'सेठने भरलं' हे उत्तर चालत नाही. भरल्यावर काट्याची पावती घ्या आणि तिचा फोटो मालकाला पाठवून ठेवा.

अपघात झाला तर जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, हे कलम १३४. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबायची सक्ती नाही. जवळचं पोलीस ठाणं गाठा, उशिरात उशिरा २४ तासांत. जीवघेणा अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांचा संप झाला, ते भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२). १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं.

कोरं_लायसन्स:

सगळ्यांचे आभार. एक शंका: पिकअपवाले उतारावर न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणतात. हेवीला चालतं का?

डावी_लेन:

अजिबात नाही. आणि डिझेलही वाचत नाही. आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर इंजिनची अडवण गेली, सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापले की पकड सुटते, आणि सारखं दाबत राहिलात तर हवा भरण्यापेक्षा जास्त वेगाने खर्च होते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ट्रक सुटतात ते बहुतेक असेच. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्या, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावा, ब्रेक दाबून सोडा, धरून बसू नका. आणि रोज हवेच्या टाक्यांमधलं पाणी ड्रेन करा.

आखाती_वारा:

दीड लाख ऐकूनच माझं उत्तर: नको. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा आरए नंबर (एजंटचा नोंदणी क्रमांक) टाकून बघा, नसेल तर विषय संपला.

दहावी पास असल्याने तुमचा पासपोर्ट ईसीआर नसेल, म्हणजे कामासाठी परदेशी जाताना सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागत नाही. सोय आहे, पण तीच फट एजंट वापरतात: व्हिजिट व्हिसावर पाठवतात आणि 'तिकडे बदलून देऊ' म्हणतात. व्हिसावर कामाचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा; 'लेबर' लिहिलेल्यावर ड्रायव्हर म्हणून जाऊ नका.

दुबईत भारतीय लायसन्सवर ट्रक चालवता येत नाही, तिथली हेवीची टेस्ट द्यावी लागते. ट्रेनिंग आणि टेस्टचा खर्च कोणाचा, नापास झाल्यास पुन्हा कोण भरणार, टेस्ट होईपर्यंत पगार पूर्ण की अर्धा, हे तिन्ही करारात लेखी नसेल तर सही करू नका. इथे दोन-तीन वर्षं ट्रेलर चालवून अनुभवाचं पत्र घेतलंत तर हीच बोलणी तुमच्या बाजूने होतात.