मदत हवी आहे : ओसाकाहून फिरायला रेल्वे पास घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यातले. आमच्या शकुंतला रेल्वेत तिकीट काढलं की बसलं, एवढंच आम्हाला ठाऊक. आता तर तीही बंद. पोरगा नोकरीनं ओसाकाला आहे. सोयाबीन निघालं की मी अन् घरची, दोघं पंधरा दिवस जाणार आहोत.

मुक्काम पोराकडेच. तिथून क्योतो, नारा अन् हिमेजीचा किल्ला पाहायचा, रोज जाऊन परत. अख्ख्या जपानचा सात दिवसांचा पास 2023 च्या ऑक्टोबरपासून 50,000 येन झाला, तो तर सोडलाच. पण कानसाई (म्हणजे ओसाका-क्योतोकडचा भाग) एरिया पास म्हणून एक आहे, तीन दिवसांचा 5,800 येनच्या आसपास. काल रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: क्योतो एका बाजूनं सहाशेच्या आत-बाहेर, हिमेजी साधारण दीड हजार, नारा मधलं. जाऊन-येऊन बेरीज जवळपास तेवढीच भरते!

पेच असा की पासाचे दिवस सलग मोजतात. घरचीचे गुडघे दुखतात, एक दिवस चालली की दुसऱ्या दिवशी पडूनच राहते. अन् पास फक्त पर्यटकांसाठी, म्हणजे पोराला तिकीट वेगळंच. त्यापेक्षा इकोका म्हणून तिथलं रेल्वेचं कार्ड आहे, त्यात पैसे भरून टच करत फिरावं का?

म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोणी जाऊन आलं असाल तर सांगा जी. त्या साध्या जलद गाडीत हिमेजीपर्यंत तासभर बसायला जागा मिळते का, तेही सांगा.