एक्स्ट्रॅक्ट : अर्क, काढा की निवळी?

दाढदुखी :
संशोधनासाठी अक्कलदाढ देणाऱ्या पेशंटांचं माहितीपत्रक मराठीत आणतोय. वाक्य असं : "दातात भरायच्या सिमेंटचा अर्क मूलपेशींवर घालून त्यांची व्यवहार्यता तपासली जाईल." एथिक्स कमिटीने 'अर्क'खाली लाल रेघ मारली. म्हणे अर्क भट्टीवर, वाफ धरून निघतो. इथे सिमेंटची चकती सीरमवाल्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) ३७ अंशांवर २४ तास नुसती बुडवायची; अर्धा मिमीपेक्षा पातळ असेल तर ६ चौ. सेमी पृष्ठभागाला १ मिली, जाड असेल तर ३ चौ. सेमीला. त्या द्रवाला काय म्हणावं?

खलबत्ता :
अर्कच. शब्द अरबी, मूळ अर्थ घाम. सिमेंटला मीडियममध्ये घाम फुटतो, यापेक्षा नेमकं काय हवं? आपल्या संस्कृत अर्काशी, म्हणजे सूर्याशी नि रुईशी, त्याचं नातं नाही.

शुद्धमती :
अरबी कशाला? काढा म्हणा. दात काढला, सिमेंटातून द्रव काढला, तो काढा.

खलबत्ता :
काढा 'काढणे'तून आलेला नाही, 'कढणे'तून आलाय, मुळात क्वाथ. उकळल्याशिवाय काढा होत नाही, आणि ३७ अंशांना काही कढत नाही.

पेट्रीबशी :
सिमेंट एमटीए, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचं, असेल तर शब्द शाळेतच शिकलोय : चुन्याची निवळी. कॅल्शियम सिलिकेट पाण्याशी जुळलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. कालवताना पीएच १०.२, तीन तासांत १२.५. मीडियममधलं फिनॉल रेड हे दर्शक गर्द गुलाबी होतं ते त्यामुळेच. पुढचा शाळेतला प्रयोगही होतो. इनक्युबेटरात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, मीडियममध्ये बायकार्बोनेट नि फॉस्फेट. वेलच्या, म्हणजे प्लेटमधल्या पेशी वाढवायच्या खळग्याच्या, तळाशी पांढरट साका बसतो. नवखे त्याला मेलेल्या पेशी समजतात. २१ दिवसांनी अ‍ॅलिझरिन रेड या कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाने रंगवलं की तोही लाल होतो, आणि पेशींनी खनिज घातलं म्हणून आनंदीआनंद! त्याच प्लेटमध्ये पेशी न घातलेले, पण तीच निवळी घातलेले वेल ठेवलेच पाहिजेत.

आडवाट :
निवळी चुकीची माहिती देईल. निवळी म्हणजे गाळ खाली बसू देऊन वरचं घेतलेलं. वैद्यकीय साहित्याच्या चाचणीचं मानक आयएसओ १०९९३-१२, त्याप्रमाणे द्रव गाळला किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला तर तसं कारणासकट नोंदवावं लागतं. जी पायरी केलीच नाही ती शब्दाने सांगायची? शिवाय दातात भरायच्या कॉम्पोझिट रेझिनचं (प्लास्टिकसारख्या मटेरियलचं) काय? त्यातून हेमा आणि टेगडीएमए हे मोनोमर (न जुळलेले सुटे रेणू) सुटतात, त्यांचा ना गाळ ना रंग. प्रकाशाने कडक करताना वर मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) पट्टी दाबली नाही, तर हवेला लागलेला थर चिकट राहतो. मग द्रवात मोनोमर भरमसाट उतरतो आणि बदनाम होतं सगळं मटेरियल.

दाढदुखी :
म्हणजे सिमेंटला एक शब्द, रेझिनला दुसरा?

खलबत्ता :
मिठवणी, चिंचवणी, गुळवणी. त्याच चालीवर सिमेंटवणी.

शुद्धमती :
हसून झालं असेल तर 'निष्कर्ष' घ्या.

आडवाट :
आणि मग "निष्कर्षाचा निष्कर्ष" लिहा. पेशंटला सरळ सांगा : सिमेंट ज्यात भिजवलं तो द्रव पेशींवर घालून पाहणार. संज्ञा प्रबंधात मिरवा.

पेट्रीबशी :
'व्हायबिलिटी'चं 'व्यवहार्यता' केलंय, तिकडे कुणाचंच लक्ष नाही? व्यवहार्य धरण असतं, योजना असते. पेशी कशी असेल? 'जिवंतपणा'ही घाईचा. एमटीटी चाचणीत पिवळ्या द्रावणाचे जांभळे स्फटिक होतात, ते विरघळवून त्यांचा रंग ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. हे पेशीतल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) कामाचं माप. सुस्तावलेली पेशीही आकडा खाली आणते. आयएसओ १०९९३-५ नुसार आकडा द्रव न घातलेल्या पेशींच्या ७० टक्क्यांच्या खाली गेला तर मटेरियल पेशींना मारक धरतात. उलटही होतं : द्रवातच क्षपणक, म्हणजे समोरच्या रसायनाला इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, असला तर पेशी नसतानाही जांभळं होतं. म्हणून द्रव काढून, वेल धुऊन मगच एमटीटी. कडेच्या वेलांतलं पाणी जास्त उडतं, तिथे पेशीच घालू नका, नुसतं बफर द्रावण भरा.

खलबत्ता :
मग 'तग'. पेशींनी किती तग धरला.

शुद्धमती :
तग बरा आहे. पण 'स्टेम सेल'ला 'मूलपेशी' खटकतो. स्टेम म्हणजे खोड, म्हणून स्कंधपेशी. मूळ वेगळं, खोड वेगळं.

आडवाट :
हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८६८ साली 'श्टामत्सेले' म्हटलं. श्टाम म्हणजे खोड खरं, पण वंश, कूळही. त्याच्या डोक्यात वंशवृक्ष होता. त्या अर्थाने मूळपुरुषातलं 'मूळ' अगदी बसतं.

दाढदुखी :
मसुदा उद्या द्यायचाय. तूर्त "सिमेंट भिजवलेला द्रव" लिहिलंय, 'व्यवहार्यता' खोडलीय, तिथे 'तग' घालू का?

शुद्धमती :
आधी 'पेशी' की 'कोशिका' ते ठरवा.

खलबत्ता :
कोशिका हिंदीत. तिकडे मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आणि 'स्नायू' शब्दाचा संस्कृतातला अर्थ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. आता यात शिरलात तर मसुदा राहिलाच.